निजामुद्दीनमधला समुद्र

महाराष्ट्रातून पानिपतला आलेली माणसं काला आंबच्या स्मारकापाशी डोकं टेकवतात आणि गाडीत बसतात. मी इथे गालिच्यांच्या कारखान्यात लोकर रंगवण्याचं काम बघतो. असे पाहुणे आले की सोबत मीच करतो, आणि निघताना त्यांना विनवतो: दिल्ली इथून नव्वदएक किलोमीटर, जयपूर हाऊसच्या कलासंग्रहालयात वासुदेव गायतोंड्यांचं चित्र लावलेलं असेल तर ते बघूनच पुढे जा. उत्तरेत आलेल्या मराठी माणसांचा इतिहास 1761ला संपलेला नाही.

गायतोंडे जन्मले नागपूरला, 1924 साली. घराणं गोव्याचं, वास्तव्य गिरगावच्या चाळीत. 1948ला जे.जे.ची पदविका घेतली. पुढे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाला जागा मिळाली. तिथे अल्काझींच्या तालमी चालत, रविशंकर शिकवत, हुसेन रंगवत. आणि समोर समुद्र. गायतोंडे त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसत. त्या काळातल्या त्यांच्या कॅनव्हासवर क्षितिजासारखी एखादी रेघ आणि तिच्या आसपास तरंगणारे काही आकार दिसतात. लाट नाही, होडी नाही.

हे साधलं कसं, हा प्रश्न मला धंद्यामुळे सुटत नाही. ते रोलरने रंग पसरवत, पॅलेट नाइफने खरवडून काढत, पुन्हा थर देत. पुढे तर कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. परदेशी गिऱ्हाईक 'समुद्र' मागतं तेव्हा आम्ही शेडकार्डावरचा निळा जुळवून देतो. एकाच रंगपाण्यात बुडवलेली लोकर सपाट दिसते. गायतोंड्यांकडे पुष्कळदा निळा नसतोच, करडा किंवा पिवळसर असतो. तरी पाणी खोल असल्याची खात्री पटते, कारण खालचा थर वरच्यातून उजेड सोडतो.

1972ला ते दिल्लीला आले, निजामुद्दीन ईस्टमधल्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहिले. तिथे खिडकीत समुद्र नव्हता. वर्षाला मोजकीच चित्रं होत, पण मला ती मुंबईच्या चित्रांपेक्षाही खोल वाटतात. 1984ला त्यांना अपघात झाला, त्यानंतर बरीच वर्षं मोठे कॅनव्हास थांबले. कागदावर शाईने काम चालू राहिलं. 10 ऑगस्ट 2001ला ते गेले.

2021मध्ये त्यांचं एक चित्र जवळपास 40 कोटींना विकलं गेलं. आमच्या कारखान्यातही त्या आकड्याची चर्चा झाली. मी सगळ्यांना चित्राचं साल सांगत होतो: 1961.