विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ

विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परदेशातील ख्रिस्ती धर्मप्रसार व सेवाकार्यासाठी प्रवृत्त करणारी अमेरिकेतील चळवळ होती. तिचा आरंभ १८८६ मध्ये झाला व १८८८ मध्ये तिला संघटनेचे स्वरूप आले. कोल्हापूर येथे जन्मलेले रॉबर्ट पार्मेली वाइल्डर हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक होत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या चळवळीच्या प्रेरणेने सुमारे २०,००० तरुण-तरुणी आशिया, आफ्रिका आदी खंडांत गेले.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील परदेशी मिशनकार्याची सुरुवातच विद्यार्थ्यांपासून झाली. १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी घेतलेल्या प्रार्थनासभेतून पुढे १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. रॉबर्ट यांचे वडील रॉयल गुल्ड वाइल्डर हे याच बोर्डातर्फे प्रथम अहमदनगर येथे आले व १८५२ पासून कोल्हापुरात कार्य करू लागले. रॉबर्ट यांचा जन्म तेथे १८६३ मध्ये झाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतले आणि प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले.

स्थापना व कार्यपद्धती

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट हर्मन येथे धर्मप्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. सुमारे २५० विद्यार्थ्यांपैकी १०० जणांनी परदेशी मिशनकार्याची तयारी दर्शविली. त्यानंतर वाइल्डर आणि लाहोरमधील एका मिशनऱ्याचे पुत्र जॉन फॉर्मन यांनी वर्षभर अमेरिका व कॅनडातील महाविद्यालयांचा दौरा केला. दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी संकल्पपत्रावर सह्या केल्या. १८८८ मध्ये जॉन मॉट संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांना १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चळवळ स्वतः कोणाला परदेशी पाठवीत नसे. नेमणूक व खर्च संबंधित पंथाच्या मिशन मंडळाकडे असे. हा संकल्प सुट्टीतील अल्पकालीन सेवेचा नसून जन्मभराच्या कार्याचा होता. त्यामुळे सही करणाऱ्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष जाणाऱ्यांची संख्या बरीच कमी राहिली.

भारत व आफ्रिका

रॉबर्ट यांची बहीण ग्रेस वाइल्डर हिने भारतात परतून इस्लामपूर परिसरात कार्य केले. स्वतः रॉबर्ट यांनी १८९० च्या दशकात भारतीय विद्यार्थ्यांमध्ये काम केले. त्यांच्या प्रेरणेने १८९२ मध्ये ब्रिटनमध्येही अशीच संघटना स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते डोनाल्ड फ्रेझर आजच्या मलावीतील न्गोनी लोकांमध्ये अनेक वर्षे राहिले. तेथील उपासनेत न्गोनी संगीताला त्यांनी स्थान दिले, तर त्यांच्या पत्नी डॉ. ॲग्नेस फ्रेझर यांनी ग्रामीण भागात वैद्यकीय सेवा दिली.

टीका व ऱ्हास

याच पिढीत जगभर ख्रिस्ती संदेश पोचविणे हे चळवळीचे घोषवाक्य होते. जर्मन मिशन अभ्यासक गुस्टाव्ह वार्नेक यांनी त्यातील घाईवर टीका केली. या वाक्याचा अर्थ सर्वांचे धर्मांतर असा नसून प्रत्येकाला संदेश ऐकण्याची संधी देणे असा आहे, असे स्पष्टीकरण मॉट यांनी दिले.

पहिल्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांचेच प्रश्न बदलले. वंशभेद, युद्ध व औद्योगिक विषमता स्वदेशात असताना इतरांना उपदेश करण्याचा अधिकार पाश्चात्त्यांना उरतो काय, अशी विचारणा होऊ लागली. १९२० च्या डे मॉइन येथील अधिवेशनात हा असंतोष उघडपणे व्यक्त झाला. संकल्प करणाऱ्यांची संख्या त्या दशकात झपाट्याने घटली. १९५९ मध्ये चळवळ इतर ख्रिस्ती विद्यार्थी संघटनांसह एका महासंघात विलीन झाली.

वाइल्डर यांचे १९३८ मध्ये नॉर्वेत निधन झाले.