गोळी विरघळते कुठे? डिझोल्यूशन चाचणीचा मागोवा

गोळ्यांच्या पट्टीवर ‘०.२५ मिलिग्रॅम’ छापलेलं असतं, तेव्हा गोळीत तेवढं औषध आहे एवढीच खात्री मिळते. त्यातलं किती रक्तात उतरेल, हा वेगळा प्रश्न. औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल विभागात गोळ्यांच्या बॅचची जी ‘डिझोल्यूशन’ म्हणजे विरघळण्याची चाचणी होते, ती या प्रश्नापोटी जन्माला आली. तिचं मूळ मात्र औषधांच्या दुनियेत नाही, आणि औषधांच्या दुनियेने ती मनावर घेतली ती रुग्णांना झळ बसू लागल्यावर.

१८९७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी या रसायनशास्त्रज्ञांनी बेंझोइक आम्ल आणि लेड क्लोराइड यांच्या कांड्या पाण्यात फिरवल्या. दोन्ही पदार्थ पाण्यात बेताचेच विरघळणारे. तापमान कायम ठेवून, ठरावीक वेळाने किती विरघळलं ते त्यांनी मोजलं. कांडीलगत संपृक्त द्रावाचा एक पातळ थर असतो आणि पदार्थ त्यातून बाहेर झिरपतो; बाहेरचं पाणी संपृक्ततेच्या जवळ येऊ लागलं की वेग मंदावतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०४ मध्ये नेर्न्स्ट आणि ब्रुनर या शास्त्रज्ञांनी या मांडणीत पृष्ठफळ आणि थराची जाडी आणली. कण जितका बारीक तितकं पृष्ठफळ जास्त, आणि तितका विरघळण्याचा वेग जास्त. गोळी बनवणाऱ्याला हवं ते सगळं इथे तयार होतं, पण त्याकडे बघायला औषध उद्योगाने अर्धशतक घेतलं.

तोवर गोळी फुटते की नाही, एवढंच पाहिलं जाई. १९३४ च्या स्विस फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात, आणि १९५० मध्ये अमेरिकन फार्माकोपियात ही चाचणी आली. तळाला जाळी असलेल्या काचेच्या नळ्या ३७ अंशांच्या द्रवात खाली-वर होतात. ठरलेल्या वेळात गोळी फुटून जाळीतून खाली गेली की पास. पण जाळीतून पडलेला कण विरघळलेला असतोच असं नाही. १९५७ मध्ये एइनो नेल्सन यांनी थिओफिलिनचे वेगवेगळे क्षार घेऊन दाखवलं, की रक्तातली पातळी विरघळण्याच्या वेगाप्रमाणे बदलते. प्रयोगशाळेला पटलेली ही गोष्ट नियमावलीत यायला अजून तेरा वर्षं लागली.

दरम्यान ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेफऱ्याच्या रुग्णांना अचानक भोवळ येऊ लागली, तोल जाऊ लागला. त्यांचं औषध फेनिटॉइन, डोस जुनाच. तपासात कळलं, की कॅप्सूलमध्ये भरणीसाठी वापरलेलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं होतं. औषधाला हातही लागला नव्हता, पण पूर्वी कॅल्शियममुळे ते पुरतं शोषलं जात नव्हतं; आता शोषलं जाऊ लागलं आणि रक्तातली पातळी विषारी झाली. १९७० मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

दुसरा धक्का डिगॉक्सिनचा. हृदयाचं हे औषध थोडं कमी पडलं तर निरुपयोगी, थोडं जास्त झालं तर ठोकेच बिघडतात. १९७१ साली जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी तंदुरुस्त माणसांना सारख्याच मात्रेच्या चार प्रकारच्या गोळ्या दिल्या. रक्तातल्या पातळीत तब्बल सातपटीपर्यंत फरक निघाला. एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक होता. लेबलवरचा आकडा सगळ्यांचा एकच!

१९७० मध्ये अमेरिकन फार्माकोपियाने मोजक्या औषधांसाठी डिझोल्यूशन चाचणी घेतली होती. डिगॉक्सिनच्या प्रकरणानंतर तिचा विस्तार होत गेला. आधी गोळी ठेवायची फिरती बास्केट, मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस द्रव ढवळणारं पॅडल.

आजचं यंत्र असं असतं. कोमट पाण्याच्या हौदात गोल तळाची सहा काचेची भांडी, प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश. वरून पॅडल उतरतं. त्याची कड तळापासून २५ मिलिमीटरवर, दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, जास्त नाही. मिनिटाला पन्नास फेरे. गोळी टाकली की ती तळाशी जाते, फुटते आणि पॅडलच्या बरोबर खाली भुकटीचा एक सुळका साचतो. तिथला द्रव नीट हलत नसल्याने चांगली गोळीही नापास ठरू शकते. द्रवातली हवा आधी काढून टाकावी लागते, नाहीतर बुडबुडे गोळीला चिकटून तिला वर उचलतात. ठरलेल्या मिनिटाला नमुना काढायचा, गाळायचा, मोजायचा. सहाही गोळ्यांनी ठरलेली टक्केवारी आणि वर आणखी पाच टक्के गाठले तर पहिल्याच फेरीत सुटका. नाहीतर बारा आणि मग चोवीस गोळ्यांपर्यंत पाळी जाते.

पण भांडं म्हणजे पोट नव्हे. त्यात ना पित्त, ना आतड्याची भिंत. म्हणून १९९५ मध्ये गॉर्डन अमिडॉन, हान्स लेनर्नास, विनोद शहा आणि जॉन क्रायसन यांनी औषधांचे चार वर्ग पाडले. प्रश्न दोनच: औषध विरघळतं का, आणि आतड्याच्या भिंतीतून पार होतं का? सर्वात मोठी मात्रा २५० मिलिलिटर, म्हणजे साधारण पेलाभर पाण्यात विरघळली तर ते विरघळणारं धरायचं. मेटफॉर्मिन झटकन विरघळतं, पण भिंतीपाशी अडखळतं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन भिंत सहज ओलांडतात, घोडं अडतं ते विरघळण्यापाशी. अशा औषधांसाठी जेनिफर ड्रेसमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पित्तक्षार आणि लेसिथिन घातलेले, उपाशी आणि जेवलेल्या आतड्याची नक्कल करणारे द्राव सुचवले. या वर्गवारीचा व्यवहारातला उपयोग असा, की चांगलं विरघळणाऱ्या औषधांच्या बाबतीत भांड्यातला आकडा माणसांवरच्या चाचणीऐवजी चालू शकतो. कमी विरघळणाऱ्यांना ती सवलत सहसा मिळत नाही.

भारतात हा धागा नियमात गुंफला गेला तो एप्रिल २०१७ मध्ये. वरच्या चार वर्गांपैकी कमी विरघळणाऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या औषधांची तोंडाने घ्यायची जेनेरिक आवृत्ती काढायला परवाना हवा असेल, तर माणसांच्या रक्तात ती मूळ औषधाइतकीच पोहोचते हे दाखवणं बंधनकारक झालं. ब्रिस्बेननंतर जवळपास पन्नास वर्षांनी!

फेफरं किंवा हृदयाचं औषध चालू असताना डॉक्टर ‘कंपनी बदलू नका’ म्हणतात, ते काही प्रत्येक वेळी ब्रँडचं कौतुक नसतं. दुकानदाराने पट्टी बदलून दिली तर डॉक्टरांना कळवा, आणि त्यानंतर भोवळ, अशक्तपणा किंवा ठोक्यांत फरक जाणवला तर वाट पाहू नका.