घोंगडी, वाकळ आणि उरलेली लोकर

घनसावंगीस इतिहासावर बोलावयाचे म्हटले की वक्त्याची दृष्टी प्रथम जांबेकडे जाते, आणि ते योग्यच आहे. समर्थ रामदासांचे 1608 सालचे जन्मगाव ज्या तालुक्यात आहे, तेथे दुसरे काय व्हावयाचे? वस्त्रांचा इतिहास सांगावयाचा असेल, तर वक्ता गोदाकाठाने वर चालू लागतो आणि पैठणास पोचतो. पैठणीवर तासभर सहज बोलता येते. तेथून औरंगाबादचा हिमरू काही फार दूर नाही. पैठणी आणि हिमरू ही मराठवाड्याची भूषणे आहेत, ह्याबद्दल वाद नाही. परंतु श्रोतेहो, पौषातल्या पहाटे ह्या भागात कधीकधी पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पैठणी कोणी पांघरीत नाही. जे पांघरले जाते त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. घोंगडी, वाकळ, आणि उरल्यासुरल्या लोकरीचे लहान लहान चौकोन क्रोशाने विणून जोडलेले ते रंगीबेरंगी पांघरूण, ही तीन आमची पात्रे.

ह्यात इतिहास तो काय, असे कोणी विचारील. पैठणी विकली गेली, तिची किंमत ठरली, ती राजांनी व सरदारांनी मागवली. म्हणून तिचे कागद झाले. इतिहास बहुधा विक्रीच्या आणि कराच्या कागदांवरून लिहिला जातो. जी वस्तू घरातच जन्मली, घरातच झिजली आणि शेवटी पोतेरे होऊन संपली, तिचा कागद कोण करणार? संग्रहालयाच्या काचेआड शालू असतो, त्याच्या शेजारी वाकळ क्वचितच दिसते. हा दोष वाकळेचा नव्हे.

आरंभ घोंगडीपासून करू, कारण आपल्याकडची लोकर म्हणजे प्रथम दख्खनी मेंढीची लोकर. ही मेंढी बहुधा काळी, काटक, आणि तिची लोकर राठ. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. दख्खनी मेंढीचा 30 च्याही वर जातो आणि त्यात केसही पुष्कळ मिसळलेले असतात. वर्षातून दोनदा ती कातरतात. एका मेंढीची सबंध वर्षाची लोकर किलोभरसुद्धा भरत नाही. ती पिंजून सूत कातावयाचे काम धनगरांच्या बायका करीत आल्या. विणावयाचे काम बहुतेक ठिकाणी सणगरांचे. खड्ड्यातल्या मागावर ताणा लावावयाचा आणि त्याला चिंचोक्याची खळ द्यावयाची, म्हणजे सूत तुटत नाही आणि घोंगडीला तो ओळखीचा ताठपणा येतो. रंग द्यावा लागत नाही; मेंढीचा काळा तोच घोंगडीचा काळा. पाऊस अंगावर घ्यावा, शेताच्या राखणीला जाताना खांद्यावर टाकावी, पाहुणा आला की ओसरीवर पसरावी, असा तिचा बहुगुणी संसार. ज्या घरात सोवळ्याओवळ्याचा फार विचार चाले, तेथेही लोकरीला मुभा असे. सुती वस्त्र धुतल्यावाचून सोवळ्यात चालत नसे, पण लोकरीची धाबळी मात्र चाले. माळावरच्या मेंढीची लोकर अशी थेट देवघरापर्यंत पोचलेली होती.

म्हणजे लोकर आपल्याकडे नवी नव्हती. नवी होती ती सुई.

दोन सुयांवर टाके घालून विणण्याची कला मुळात आपली नाही. तिचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडतात, निळ्यापांढऱ्या सुती मोज्यांच्या रूपाने. तेथून ती युरोपात गेली. आज शाळेतली मुलगीही जो उलटा टाका घालते, त्याचा युरोपातील एक जुना पुरावा 1562 साली फ्लॉरेन्सच्या डचेसबरोबर पुरलेल्या मोज्यांत मिळतो. क्रोशा तर फारच अलीकडचा. त्याचे नावच फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. छापील नमुन्यांची पुस्तके 1840 नंतर निघू लागली आणि आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा तेथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून पोटे भरली. दुष्काळाचे आणि बायकांच्या हातकामाचे हे नाते मराठवाड्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात ही सुई मिशनरी बायकांच्या हातून आली. सिंथिया फरार ह्या अमेरिकन मिशनच्या बाई 1827 साली मुंबईस उतरल्या व पुढे अहमदनगरास गेल्या. मुलींच्या अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम शिकवीत. मुलीला अक्षर शिकवू नये म्हणणारा बाप सुईकामाला सहसा ना म्हणत नसे, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासकारांनी जितकी लक्षात घ्यावी तितकी घेतलेली नाही. सुई पुढे आणि पाटी तिच्या मागे अशी पुष्कळ घरांत वाट निघाली. पुढे 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानड्यांनी तेथे शिवणकामाच्या वर्गांना मोठे स्थान दिले.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. तरीही जालना हे काही आडरानातले गाव नव्हते. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी स्कॉटिश मिशनचे काम तेथेच उभारले. पुढे 1900 साली मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धावू लागली. गिरणीत कातलेल्या लोकरीच्या लड्या उत्तरेतून येत. कानपूरची गिरणी 1876 ची, पंजाबातील धारीवालची 1880 ची. ही लोकर मऊ, रंगीत, आणि महाग. महाग हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण उरलेली लोकर जपून ठेवण्याचे मूळ त्यात आहे.

आता हाताच्या कामाकडे येऊ. मागावर विणावयाचे तर ताण्याला लांबच लांब सूत हवे, आणि मागाला जागा हवी. सुयांवरच्या विणीला एकच धागा पुरतो. पण सगळे टाके सुईवर जिवंत असतात, एक निसटला तर ओळीमागून ओळ उसवत जाते. क्रोशात मात्र एका वेळी एकच टाका जिवंत. साखळी घाला, मुका खांब घाला, खांब घाला, आणि चूल बोलावू लागली की काम तसेच ठेवून उठा; फार तर एक टाका उसवेल. धागा संपला तर त्याच ठिकाणी दुसऱ्या रंगाचा जोडा. ज्या बाईला सलग अर्धा तास स्वतःचा मिळत नाही तिच्यासाठीच जणू हे हत्यार घडवलेले आहे. मध्यापासून फेऱ्या घालीत विणावयाच्या चौकोनाचा नमुना 1885 साली एका अमेरिकन शेतकी नियतकालिकात छापलेला आढळतो. शेतीच्या नियतकालिकात, हे विसरू नये.

हिशोब करून पाहावा. दहा सेंटिमीटरचा एक चौकोन धरला, तर मीटरभर रुंद व दीड मीटर लांब पांघरुणाला 150 चौकोन लागतात. एवढी लोकर एका वेळी कोण विकत आणतो? थोरल्याच्या स्वेटरातून राहिलेली निळी, सासऱ्यांच्या मफलरीतली तपकिरी, उसवलेल्या जुन्या बंडीची करडी, असे वर्षानुवर्षे डब्यात साठत जाते. उसवलेली लोकर वाकडी होते. तिची लडी करून, धुऊन, वजन बांधून वाळत घातली म्हणजे सरळ येते. चौकोनापुरतीही नसेल तर टोपड्याची गोंड्याची दोरी होते. वीसपंचवीस ग्रॅम असेल तर तान्ह्या बाळाचे मोजे होतात. कोणत्या घरात कोण केव्हा जन्मले आणि कोणाचा स्वेटर कोणत्या रंगाचा होता, हे त्या पांघरुणावर बोट ठेवून सांगता येते. आम्ही तर म्हणू की ही त्या घराची बखर आहे, फक्त ती मोडीत नाही.

आणि हे सारे आमच्या बायकांना परके का वाटले नाही? कारण वाकळ. आमच्या मते ह्या विषयाचे मर्म येथेच आहे. सुई बाहेरून आली, पण तुकडा टाकावयाचा नाही आणि तुकड्याला तुकडा जोडावयाचा, हा विचार तिच्या कितीतरी आधीपासून येथे होता. सुगी आटोपली, चैत्रवैशाखाची उन्हे लागली की जुनी लुगडी, धोतरे बाहेर निघत. अंगणात निंबाखाली चार कोपऱ्यांना दगड ठेवून थरावर थर पसरावयाचे, वर रंगीत ठिगळे मांडावयाची आणि कडेपासून धावदोरा घालीत मध्याकडे यावयाचे. एकटीने होणारे काम नव्हे; शेजारणी बसत आणि गोष्टींना तोटा नसे. पावसाळ्यापूर्वी वाकळ झालीच पाहिजे, कारण ओली वाकळ वाळत नाही. कापसाच्या ह्या मुलखात थरांना कापडच हवे होते, आणि ते संपूर्ण जिरेपर्यंत वापरले जाई: लुगडे, मग वाकळेचा वरचा थर, मग नव्या वाकळेच्या पोटातला थर, मग पोतेरे. नवजात बाळाला नवे कापड घालू नये, मऊ झालेले जुनेच गुंडाळावे, ही रीत ह्याच शहाणपणातून निघाली असावी. अशा घरात उरल्या लोकरीचे मोजे आले, तेव्हा ते पाहुणे म्हणून आले नाहीत. अंगावर चिंध्यांची गोधडी मिरवणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते थट्टेने नव्हे.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी संपली. 1952 साली समूह विकास योजना सुरू झाली, गावोगाव ग्रामसेविका हिंडू लागल्या, महिला मंडळांत शिवण व विणकाम आले. पुढच्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्षा. 1962 च्या चीनच्या आक्रमणात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्या हिवाळ्यात सुया सार्वजनिक कार्यात आल्या आणि त्यांचे कौतुक वृत्तपत्रांत छापून आले. त्याआधीच, 1961 च्या जनगणनेत मात्र घरकाम करणारी स्त्री काम न करणाऱ्यांच्या रकान्यात गेलेली होती. जवानासाठी विणलेला स्वेटर ही देशसेवा, नातवासाठी विणलेला मोजा हा रिकामपणाचा उद्योग! माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात ह्याची पहिली देशव्यापी पाहणी सरकारने 2019 साली केली. घरच्या वापरासाठी केलेल्या कपड्याला अशा मोजणीत आता स्वतंत्र खण असतो. म्हणजे मोजा मोजला जाऊ लागला, एवढे म्हणावयास हरकत नाही.

चेन्नईत 31 जानेवारी 2016 रोजी सुभाश्री नटराजन ह्यांच्या पुढाकाराने ठिकठिकाणच्या बायकांनी पाठवलेली क्रोशाची पांघरुणे जोडून 11,148.5 चौरस मीटरचे एकच पांघरूण मांडण्यात आले आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. विक्रमांची आम्हांस फारशी मातब्बरी वाटत नाही. पण जोडून मोठे करावयाची ती रीत पाहिली, की निंबाखालची वाकळच डोळ्यांपुढे येते.

राहिली एक गोष्ट, आणि ती जराशी कडू आहे. आज बाजारात ज्याला आपण लोकर म्हणतो, ते पुष्कळदा लोकर नसते. ॲक्रिलिकचा धागा स्वस्त, मऊ, कसर न लागणारा. जपानच्या असाही कासेई कंपनीने आपल्या अशा धाग्याला दिलेले कॅशमिलॉन हे नाव आपल्या दुकानांत जणू त्या साऱ्या जातीचेच नाव होऊन बसले. खरे-खोटे ओळखावयाचे तर धाग्याचे टोक जपून जाळून पाहावे: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व ती काढली की विझते, ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. बाळाच्या टोपड्यासाठी हा फरक लहान नाही. आणि ही गोळी आपण विकत आणतो त्याच वेळी गोदाकाठच्या शेतात मेंढरे बसलेली असतात. शेतकऱ्याला त्यांचे खत हवे असते, खाटकाला मांस हवे असते. लोकर कोणालाच नको असते. कातरणाऱ्याची मजुरी निघण्याइतकाही भाव पुष्कळ ठिकाणी येत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते. डब्यातली चार गुंडे आम्ही उरलेली लोकर म्हणून जपतो. खरी उरलेली लोकर ती बांधावरची.

ती अंगाला टोचते, तान्ह्याच्या टोपड्याला चालणार नाही, हे उघड आहे. पण जाड सूत काढून, जाड आकड्याच्या क्रोशाने तिचे आसन, पायाखालची चटई, बाजाराची पिशवी विणता येते. काळ्याच्या कडेला डब्यातल्या उरल्या रंगांची एक फेरी घातली तर ती शोभतेही. सूत कातणारे हात त्यासाठी लागतील. ते धनगरवाड्यांतल्या म्हाताऱ्यांचे आहेत, आणि त्यांच्यापाशी चाती अजून आहे तोवरच जाऊन बसले पाहिजे.