माळवदाचा भार आणि किल्लारीचा धडा



माळवदाच्या घरात उन्हाळ्यात गारवा राहतो, म्हणून मराठवाड्यात वाडवडिलांनी तशी घरे बांधली. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर मातीचा नवा थर घालायचा, ही रीतच पडली. जुनी माती मात्र बहुधा तशीच राही. वर्षामागून वर्षे गेली अन् डोक्यावरचा भार वाढत गेला.

ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसले. घरे तशीच राहिली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात मोठा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत साडेसात हजारांवर माणसे गेली.

एवढी माणसे का दगावली? भिंती रुंद होत्या, पण दगड-मातीच्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा. दोन्हींना धरून ठेवणारा लांब दगड नव्हता. हादऱ्याने थर फाकले, भिंती ढासळल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

तेव्हा तुमचे घर असे असेल तर पेरणीआधी एवढे कराच :

१. नवा थर घालण्याआधी जुनी माती उतरवावी.

२. भिंत फुगली असल्यास जाणत्या गवंड्याला दाखवावी.

३. नवी दगडी भिंत बांधताना उंचीत दर २ फुटांवर आणि लांबीत दर ४ फुटांवर आरपार दगड बसवावा.

४. दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा.

भूकंप कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. माळवदावरची माती उतरवायला मात्र दोन दिवस पुरतात.