मनोऱ्याविना विमानतळ

पाचोऱ्याला आगगाडीचा परिचय जुना आहे. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, हा रेल्वेचा दंडक येथील पोराटोरांनाही ठाऊक असतो. दोन गाड्यांमध्ये कोणीतरी तिसरा जागा असतो, या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो. पण जेथे असा तिसरा कोणीच नाही, तेथे काय करावयाचे? हा प्रश्न आम्ही आज विमानविद्येच्या इतिहासाला विचारणार आहोत. तो आपल्यापासून दूरचाही नाही. धुळ्याजवळ गोंदूरला आणि तापीकाठी शिरपूरला वैमानिकी शिकणारी मुले लहान विमाने उडवीत आली आहेत. जगातील बहुसंख्य लहान तळांवर नियंत्रणाचा मनोरा नसतो.

मुळात मनोरा हीच मागाहूनची गोष्ट आहे. लंडनजवळच्या क्रॉयडन तळावर 1920 साली पहिला नियंत्रण-मनोरा उभा राहिला. आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ‘पस मॉथ’ या चिमुकल्या विमानातून जुहूला उतरले, तेव्हा त्यांना बिनतारी यंत्राची सोबत नव्हती. पावसाळ्यात जुहूचा तळ चिखलात जाई आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. मग ही माणसे उतरत कशी? वाऱ्याने फुगणारी कापडी पिशवी पाहून, आणि डोळे उघडे ठेवून.

ती पिशवी म्हणजे पहिला कायदा होय. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरले की जमिनीवरचा वेग कमी पडतो व थोड्या पट्टीत ते थांबते. म्हणून सर्वांनी वाऱ्याकडे तोंड करावे, म्हणजे सर्वांची दिशा आपोआप एक होते. दुसरा कायदा फेरीचा. तळाभोवती चौकोनी फेरी घालून मगच उतरावे, आणि ती साधारणतः डाव्या हाताने घालावी. कारण मुख्य वैमानिक डावीकडे बसतो व त्याला वळणाच्या बाजूची पट्टी स्पष्ट दिसते. 1944 च्या शिकागो करारानंतर अशा रूढींना आंतरराष्ट्रीय नियमांचे रूप आले. उतरणाऱ्याला पहिला मान. दोघे उतरत असतील तर खालच्याला. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे. पुढे बिनतारी आली आणि आणखी एक शिस्त जोडली गेली. तळासाठी ठरलेल्या एकाच लहरीवर प्रत्येकाने आपण कोण, कोठे आहोत व काय करणार, हे सांगावे आणि इतरांचे ऐकावे.

एवढी साधी शिस्त मोडली तर काय होते, याचा दाखला अमेरिकेतील क्विन्सी या गावाने दिला. तेथील तळाला मनोरा नव्हता. 19 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी बारा माणसे घेऊन एक प्रवासी विमान उतरत होते. त्याच्या पट्टीला छेदणाऱ्या दुसऱ्या पट्टीच्या टोकाशी एक ‘किंग एअर’ उभे होते आणि त्याच्यामागे एक लहान ‘चेरोकी’. उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारले, पट्टीवरचे विमान थांबणार की उडणार? उत्तर आले ते मागच्या चेरोकीकडून, की आपण थांबलो आहोत. त्याच क्षणी प्रवासी विमानातील यंत्राचा इशारा मध्ये वाजला आणि वाक्य तुटले. ऐकणाऱ्यांना वाटले, किंग एअरच थांबले आहे. किंग एअर मात्र धावत सुटले होते. पट्ट्यांच्या छेदावर टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील मिळून चौदाही जण गेले. किंग एअरच्या वैमानिकांनी लहरीकडे कान दिला नाही व आजूबाजूला नीट पाहिले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तुटलेल्या उत्तराचा वाटाही तिने नोंदविला.

यावर कोणी म्हणेल, मनोरा असता तर हे टळले असते. पुष्कळदा टळतेही, पण मनोरा म्हणजे अभय नव्हे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील तळाला मनोरा होता. दाट धुक्यात एक प्रचंड विमान धावू लागले, तेव्हा मनोऱ्याचा आणि पट्टीवरील दुसऱ्या विमानाचा शब्द एकाच वेळी निघाला व दोहोंची मिळून एक कर्कश शीळ झाली. 583 माणसे मेली. त्यानंतर वैमानिकांची भाषाच बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करताना उच्चारावयाचा, एरवी नाही, असे ठरले. दोन्ही ठिकाणी घात केला तो अर्ध्या ऐकलेल्या शब्दाने.

म्हणून आम्हांस वाटते, या इतिहासाचे सार मनोरा बांधण्यात नाही. तो बांधावा, जेथे पैसा व रहदारी असेल तेथे अवश्य बांधावा. पण जेथे नाही तेथे प्रत्येक वैमानिक हा दुसऱ्याचा मनोरा असतो. आपले नाव न सांगता बोलणे, उत्तर कोणाचे हे न तपासता पुढे जाणे, शंका असताना उतरण्याचा हट्ट धरणे, या तिन्ही गोष्टी तेथे अक्षम्य होत. शंका आली तर पुन्हा वर जाऊन एक फेरी घालावी. त्यात दोन-चार मिनिटे जातात; माणूस जात नाही.

16 जुलै 2021 रोजी शिरपूरहून निघालेले एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ डोंगराळ भागात कोसळले. शिक्षक-वैमानिक दगावले, विद्यार्थिनी जखमी झाली. तो अपघात धावपट्टीवरचा नव्हता, आणि त्याचा येथे दाखला देण्याचे कारण वेगळे आहे. तिला त्या रानातून बाहेर काढले ते जवळच्या आदिवासी गावकऱ्यांनी, साडीची झोळी करून. त्यांना कोणी वरून हुकूम दिला नव्हता. जवळ होते, त्यांनी पाहिले, आणि ते धावले. लहान तळावरची सुरक्षितताही अखेर याच जातीची आहे. वरून सांगणारा कोणी नसला, तरी शेजारी पाहणारा व ऐकणारा असावा लागतो.