स्टीफन्सन : चरित्रांतला आणि चरित्राबाहेरचा

यंत्रविद्येकडे ओढ असलेल्या इंग्रज मुलांपुढें सॅम्युएल स्माइल्सनें १८५७ सालीं जॉर्ज स्टीफन्सनचें चरित्र ठेवलें. खाणीवरील इंजिनाची भट्टी पेटती ठेवणाऱ्या मजुराच्या घरीं १७८१ सालीं जन्मलेला, अठराव्या वर्षापर्यंत अक्षरशत्रु असलेला हा मनुष्य पुढें रेल्वेचा जनक म्हणून गाजावा, ही कथा कोवळ्या मनास भुरळ घालील यांत नवल नाहीं. परंतु अशा चरित्रांत नायक फार एकटा उभा राहतो. १८२९ सालीं रेनहिलची स्पर्धा जिंकणाऱ्या ‘रॉकेट’ची घडण मुख्यत्वें पुत्र रॉबर्टच्या हातची. बॉयलरमधून एका मोठ्या नळीऐवजीं अनेक लहान नळ्या नेल्या, तर पाण्यास अधिक उष्णता लागून वाफ भराभर होईल, ही सूचना तर हेन्री बूथची. आणि हे गृहस्थ रेल्वे कंपनीचे चिटणीस, पेशानें धान्याचे व्यापारी! बापाची थोरवी आम्हांस निराळ्याच ठिकाणीं दिसते. रॉबर्टला त्यानें न्यूकॅसलच्या शाळेंत घातलें. आणि संध्याकाळीं घरीं परतलेल्या मुलाजवळ बसून त्याचे धडे हा प्रौढ कारागीर स्वतः गिरवीत असे. मुलानें तेथील ग्रंथालयांतून आणलेलीं यंत्रशास्त्राचीं पुस्तकें दोघे मिळून वाचीत.