पुरुषांचे वृषण-आरोग्य : संकोच सोडा, वेळ दवडू नका

पेण, रोहा : रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांविषयी आज घरोघरी मोकळेपणाने बोलले जाते. पुरुषांच्या वृषणांविषयी मात्र सुशिक्षित घरांतही मौन असते. मुलगा वडिलांना सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही आणि दुखणे असह्य झाल्याशिवाय डॉक्टरांची पायरी चढली जात नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून लैंगिक आरोग्याविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याचा पायंडा पाडला. त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली, तरी हा संकोच पुरता गेलेला नाही. या अवयवाचे बहुतेक विकार वेळीच उपचार केल्यास पूर्ण बरे होतात, तर काहींमध्ये सहा तासांचा उशीरही अवयव गमावण्यास पुरेसा ठरतो. म्हणून त्यांची प्राथमिक माहिती प्रत्येक पुरुषाला, आणि मुलगे असलेल्या प्रत्येक आईवडिलांना, असायला हवी.

रचना आणि कार्य

वृषणे ही शरीराबाहेर, वृषणकोश नावाच्या त्वचेच्या पिशवीत असलेली ग्रंथींची जोडी आहे. प्रौढ पुरुषात प्रत्येक वृषण साधारणपणे चार ते पाच सेंटिमीटर लांब, अंडाकृती, गुळगुळीत आणि दाबल्यास किंचित लवचिक असते. दोन्ही वृषणे अगदी सारखी नसतात. बहुतेकांत डावे वृषण थोडे खाली लोंबते. हा दोष नव्हे.

शुक्राणू तयार करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात सोडणे ही वृषणांची दोन मुख्य कामे. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. वृषणे पोटात न राहता बाहेर असण्याचे कारण हेच. थंडीत वृषणकोश आक्रसतो आणि उन्हाळ्यात सैल होतो, तोही याच कारणाने. वृषणाच्या मागच्या बाजूस अधिवृषण ही गुंडाळलेली मऊ नलिका असते. स्वतःच चाचपून पाहताना अनेक जण तिलाच गाठ समजून घाबरतात. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आजच्या तापाचा वा औषधाचा परिणाम वीर्यतपासणीत दोन-तीन महिन्यांनी दिसू शकतो.

पीळ पडणे : घड्याळाशी शर्यत

वृषण ज्या दोरीसारख्या भागाने लोंबते, त्यातून त्याच्या रक्तवाहिन्या जातात. काही मुलांत जन्मतःच वृषण कोशाच्या आत नीट बांधलेले नसते. असे वृषण स्वतःभोवती फिरले की दोरीला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. हा प्रकार नवजात बालकांत आणि विशेषतः १२ ते १८ या वयात अधिक आढळतो. खेळताना, मार लागल्यावर किंवा गाढ झोपेतही तो घडू शकतो.

एका बाजूस अचानक तीव्र वेदना, मळमळ, उलट्या आणि वृषण वर ओढले गेल्यासारखे दिसणे ही त्याची लक्षणे. पुष्कळ मुले लाजेने केवळ 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतात. पोटदुखीचे औषध देऊन रात्र काढली जाते आणि सकाळपर्यंत वृषण मृत झालेले असते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास दहापैकी नऊ वा अधिक रुग्णांत वृषण वाचते. बारा तासांनंतर ही शक्यता निम्म्यावर येते आणि चोवीस तासांनंतर जवळजवळ संपते. निदान स्पष्ट असेल तर डॉक्टर सोनोग्राफीच्या अहवालासाठीही थांबत नाहीत. शस्त्रक्रियेत पीळ सोडवून दोन्ही बाजूंची वृषणे टाके घालून स्थिर केली जातात, कारण रचनेतील दोष बहुधा दुसऱ्या बाजूसही असतो.

पेण आणि रोह्यासारख्या गावांत या सहा तासांचा हिशेब वेगळा असतो. पेणहून जिल्हा रुग्णालय असलेले अलिबाग सुमारे तीस किलोमीटर आहे आणि पनवेलही महामार्गावर फार दूर नाही. रोहा मात्र मुंबई-गोवा महामार्गापासून आत, कोलाडच्या पलीकडे कुंडलिकेच्या काठी आहे. डोंगराकडेच्या वाडीवरून रोह्यात, तेथून पुढे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जाईपर्यंत निम्मा वेळ संपू शकतो. म्हणून 'सकाळी बघू' हा विचार येथे सर्वांत घातक ठरतो. शस्त्रक्रिया करणारा सर्जन रात्री कोठे उपलब्ध असतो, याची चौकशी आधीच करून ठेवावी. निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात दूरध्वनी करावा. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागणार असल्याने वाटेत मुलाला खायला-प्यायला देऊ नये.

सूज आणि जंतुसंसर्ग

वेदना एक-दोन दिवसांत हळूहळू वाढत गेली, सोबत ताप आणि लघवीला जळजळ असली, तर अधिवृषणाचा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता अधिक असते. तरुणांत तो बहुधा लैंगिक संबंधांतून, तर उतारवयात प्रोस्टेटच्या वाढीमुळे तुंबणाऱ्या मूत्रमार्गातून होतो. विश्रांती, आधार देणारी चड्डी आणि प्रतिजैविकांचा पूर्ण कालावधीचा उपचार एवढ्याने तो बरा होतो. दुखणे थांबले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. लैंगिक संसर्ग असल्यास जोडीदाराचाही उपचार आवश्यक असतो.

फारशी वेदना नसलेली, आठवड्यांमागून आठवडे टिकणारी आणि कधी त्वचेतून पू वाहणारी अधिवृषणाची जाडी क्षयरोगामुळेही असू शकते. क्षयरोग फक्त फुप्फुसांचा असतो, हा समज चुकीचा आहे.

गालगुंड हा मुलांचा किरकोळ आजार मानला जातो. परंतु वयात आल्यानंतर गालगुंड झालेल्या पुरुषांपैकी १५ ते ३० टक्क्यांच्या वृषणांना सूज येते. ती साधारणतः गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांनी दिसते. काहींत नंतर वृषण आकसते. दोन्ही बाजूंना ती झाली तरी कायमचे वंध्यत्व क्वचितच येते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, तिच्यात गालगुंडाचा घटक नाही. तो घटक असलेल्या लसीबाबत बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

पाणी साठणे, अंतर्गळ आणि हत्तीरोग

वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साठले की त्याला हायड्रोसील म्हणतात. सूज हळूहळू वाढते, दुखत नाही आणि बॅटरीचा उजेड धरल्यास आरपार लालसर दिसते. तान्ह्या मुलांतील हायड्रोसील बहुधा दीड-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होते. मोठ्या वयात लहानशा शस्त्रक्रियेने ते बरे होते. सुईने पाणी काढल्यास ते पुन्हा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

अंतर्गळ, म्हणजे हर्निया, वरवर असाच दिसतो. मात्र तो आडवे झाल्यावर आत जातो आणि खोकल्यावर फुगतो. आत न जाणारा, दुखणारा, सोबत उलट्या होणारा अंतर्गळ म्हणजे आतडे अडकल्याची खूण. तेथेही तत्काळ शस्त्रक्रिया हवी.

प्रौढांतील हायड्रोसीलचे आपल्या देशातील एक महत्त्वाचे कारण हत्तीरोग आहे. सांडपाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत या रोगाचे कृमी शरीरात शिरतात आणि लसीकावाहिन्या बिघडवतात. हत्तीरोग म्हटले की डोळ्यांसमोर सुजलेला पाय येतो. प्रत्यक्षात जगात सुमारे अडीच कोटी पुरुषांना या रोगामुळे हायड्रोसील असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात १९५५ पासून नियंत्रण कार्यक्रम चालू असून, महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमा राबवल्या गेल्या आहेत. त्या भागांतून कामासाठी कोकणात आलेल्यांनी सूज दिसताच तपासणी करून घ्यावी. गोळ्यांनी रोगाचा प्रसार थांबतो, पण साठलेले पाणी काढण्यास शस्त्रक्रियाच लागते.

व्हेरिकोसील आणि मूल न होणे

वृषणाच्या शिरा फुगून त्यांचा गुंता होणे म्हणजे व्हेरिकोसील. सुमारे १५ टक्के पुरुषांत ते आढळते आणि बहुधा डाव्या बाजूस असते. उभे राहिल्यावर जडपणा जाणवतो, झोपल्यावर कमी होतो. अनेकांना काहीच त्रास होत नाही आणि उपचारही लागत नाहीत. मूल होत नाही म्हणून तपासणीस येणाऱ्या पुरुषांत मात्र त्याचे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. केवळ उजव्या बाजूस अचानक उद्भवलेले किंवा झोपल्यावरही न ओसरणारे व्हेरिकोसील दिसल्यास पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडात गाठ नाही ना, हे पाहावे लागते.

मूल न होण्याचा ठपका आजही प्रथम स्त्रीवर ठेवला जातो. तिच्या तपासण्या आणि नवस वर्षानुवर्षे चालतात, पण पुरुषाची साधी वीर्यतपासणी टाळली जाते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातील दोष हे एकमेव वा सहकारण असते. ही तपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे. ती आधी व्हावी.

कामाच्या ठिकाणचाही विचार करावा लागतो. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात डीबीसीपी हे कीटकनाशक बनविणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले, की त्यांच्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत त्यांची शुक्राणूसंख्या घटलेली आढळली आणि दोन वर्षांत त्या रसायनाचा बहुतेक वापर अमेरिकेत बंद झाला. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत असेच घडते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु रसायने हाताळणाऱ्या किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्या पुरुषांनी हातमोजे, मुखपट्टी वापरण्यात कुचराई करू नये आणि वीर्यतपासणीच्या वेळी आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना जरूर सांगावे. व्यायामशाळेत पीळदार शरीरासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर वृषणांचे स्वतःचे कामच थांबवतात. त्यांनी शुक्राणूसंख्या शून्यावरही येऊ शकते.

न उतरलेले वृषण

गर्भावस्थेत वृषणे पोटात तयार होतात आणि जन्मापूर्वी खाली उतरतात. पूर्ण दिवसांच्या सुमारे तीन टक्के मुलांत, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात, एक वा दोन्ही वृषणे जागी नसतात. पहिल्या सहा महिन्यांत ती बहुधा आपोआप उतरतात. त्यानंतर वाट पाहण्यात अर्थ नसतो. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया व्हावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. उशिराने प्रजननक्षमता घटते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आईला किंवा आजीला ही बाब सर्वांत आधी कळू शकते. अंगणवाड्या व शाळांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापुढेही ती न लाजता मांडावी.

कर्करोग : दुर्मीळ, पण तरुणांचा

वृषणाचा कर्करोग भारतात तुलनेने कमी आढळतो. मात्र तो ऐन उमेदीत, १५ ते ४० या वयात अधिक होतो. न दुखणारी टणक गाठ, वृषण एकाएकी मोठे वा जड होणे ही पहिली लक्षणे. न दुखणे हीच फसगत ठरते. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचा कर्करोग १९९६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी निदान होईपर्यंत फुप्फुसे व मेंदूपर्यंत पसरला होता, तरीही तो बरा झाला. याच पेशीकुळातील गाठ क्रिकेटपटू युवराज सिंगला छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये झाली होती. २०१२ मध्ये केमोथेरपी घेऊन त्याच वर्षी तो भारतीय संघात परतला.

१९७० च्या दशकात सिसप्लॅटिन हे औषध आल्यापासून या कर्करोगातून बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीने निदानाची दिशा ठरते. त्यानंतर जांघेतून छेद घेऊन ते वृषण काढले जाते. वृषणकोशातून सुई घालून तुकडा तपासणे टाळले जाते, कारण त्याने रोग पसरू शकतो. उरलेले एक निरोगी वृषण लैंगिक जीवन आणि अपत्यप्राप्ती दोन्हींना सहसा पुरते. केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय विचारावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सर्वांना ठाऊक असते. त्याचेच खारघर येथील केंद्र तर रायगड जिल्ह्यातच आहे. शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाच्या अनेक उपचारांना लागू आहे.

काळजी कशी घ्यावी?

दरमहा नियमाने तपासणी करावीच, असा आग्रह सर्व तज्ज्ञ धरत नाहीत. परंतु अंघोळीच्या वेळी आपल्या वृषणांचा नेहमीचा आकार व स्पर्श ओळखीचा असला, तर बदल चटकन लक्षात येतो. कोकणातील दमट हवेत जांघेत नायटा सहज होतो. त्यावर दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावू नये. तात्पुरता आराम मिळतो, पण नायटा पसरतो आणि कातडी पातळ होते. मधुमेहींनी वृषणकोशावरील फोड, लाली वा काळेपणा क्षणभरही दुर्लक्षू नये. नसबंदीने वृषणे निकामी होतात, हा समज निराधार आहे. तिच्यात केवळ शुक्रवाहिनी बंद केली जाते. संप्रेरक पूर्ववत तयार होत राहते.

रस्त्याकडेच्या तंबूत 'गुप्तरोगा'वर औषध देणाऱ्यांकडे जाण्यापेक्षा सरकारी रुग्णालयातील सर्जन वा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्यास डॉक्टर बांधील असतात.

तातडीने रुग्णालय गाठावे, जर :

• वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली, विशेषतः मुलगा वा तरुण असल्यास
• वेदनेसोबत उलट्या होत असल्या किंवा वृषण वर सरकले असले
• अंतर्गळ आत जात नसला व दुखत असला
• मार लागल्यानंतर सूज वाढत असली
• मधुमेही रुग्णाच्या वृषणकोशाची त्वचा काळी पडत असली

काही दिवसांत डॉक्टरांना दाखवावे, जर :

• न दुखणारी टणक गाठ वा जडपणा जाणवला
• सूज हळूहळू वाढत असली
• सहा महिन्यांच्या बाळाचे वृषण हाताला लागत नसले
• वर्षभर प्रयत्न करूनही मूल होत नसले

वयात येणाऱ्या मुलाला 'तेथे दुखले तर रात्री असो वा दिवसा, लगेच सांग' एवढे एक वाक्य वडिलांनी सांगून ठेवले, तरी अनेक अवयव वाचतील.